दोन मजले, दोन नावं, एक लेखिका: आमच्या ग्रंथालयाला खुलं पत्र

मा. संग्रह व्यवस्थापक आणि ग्रंथालय समितीचे सर्व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

प्रौढ विभागातल्या ज्या कथा-कादंबऱ्या गेल्या २४ महिन्यांत एकदाही कोणी घरी नेल्या नाहीत, त्या सरसकट बाद करायच्या, असं तुम्ही ठरवलंत. यादी संगणकाने काढली. पुस्तकं खोक्यांत भरून झाली आहेत आणि पुढच्या विक्रीच्या टेबलावर ती मांडली जाणार आहेत. त्या खोक्यांत जेनिफर रो या नावावरची तुमच्याकडची सगळी पुस्तकं आहेत. आणि खालच्या मजल्यावर, मुलांच्या विभागात, एमिली रोडा यांची पुस्तकं दर्शनी कपाटात मांडलेली आहेत. या दोन बाया नाहीत. ही एकच बाई आहे, आणि तुमच्या तालिकेला, म्हणजे पुस्तकांच्या संगणकातल्या सूचीला, ते ठाऊक नाही.

या पत्राची इंग्रजी प्रत कार्यालयात रीतसर दिली आहे. मराठीत लिहितो आहोत ते आपल्या लोकांसाठी. सिडनीच्या या भागातल्या कितीतरी मराठी घरांमध्ये एमिली रोडांच्या ‘डेल्टोरा’ या मुलांच्या मालिकेतल्या पुस्तकांवरून भावंडांत भांडणं झालेली आहेत. पण त्याच बाईंनी मोठ्यांसाठी खुनाच्या फर्मास कादंबऱ्या लिहिल्यात, हे त्या घरांतल्या आईवडिलांना सहसा माहीत नसतं. ते सांगणं ग्रंथालयाचं काम होतं. आम्ही इथले करदाते आहोत, सभासद आहोत, आणि आमच्यातल्या काहींनी देवघेव आणि तालिकाकरण या दोन्ही टेबलांवर काम केलेलं आहे, त्यामुळे यादी कशी निघते हे आम्हाला कळतं. शिवाय तुमच्याकडचा मराठी पुस्तकांचा कप्पाही आज ना उद्या याच नियमाखाली येणार.

आधी लेखिकेबद्दल, कारण खोकी भरणाऱ्याला ती कोण हे कळलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

जेनिफर रो यांचा जन्म १९४८ चा, सिडनीचा. अँगस अँड रॉबर्टसन या जुन्या प्रकाशनसंस्थेत त्या संपादक होत्या आणि पुढे प्रकाशक झाल्या. आपल्याच संस्थेकडे आपलंच हस्तलिखित द्यायचं म्हणून त्यांनी आजीचं माहेरचं नाव घेतलं: एमिली रोडा. त्या नावाने आलेल्या ‘समथिंग स्पेशल’ला (१९८४) पुढच्याच वर्षी चिल्ड्रन्स बुक कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलियाचा पुरस्कार मिळाला. मग १९८७, १९८९, १९९१ आणि १९९४ मध्येही तोच पुरस्कार. त्यातला १९९४ चा ‘रोवन ऑफ रिन’साठी. याच काळात, म्हणजे १९८८ ते १९९२, त्या ‘ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’च्या संपादक होत्या. देशातल्या सर्वांत खपाऊ मासिकांपैकी एक चालवता चालवता ही बाई एका नावाने मुलांची पुस्तकं लिहीत होती आणि दुसऱ्या नावाने, स्वतःच्या खऱ्या नावाने, माणसं मारत होती.

‘ग्रिम पिकिंग्ज’ १९८७ ची. ब्लू माउंटन्समधलं जुनं घर, मागे सफरचंदांची बाग, फळं काढायला वर्षातून एकदा जमणारं गोतावळ्याचं कुटुंब आणि बागेत सापडलेलं प्रेत. त्यावर १९८९ मध्ये टीव्ही मालिकाही निघाली. गुन्ह्याचा छडा लावणारी व्हेरिटी बर्डवुड, म्हणजे बर्डी, ही पोलीस नाही. एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी प्रसारणसंस्थेसाठी माहिती गोळा करणारी संशोधक आहे. तिच्यावर पाच कादंबऱ्या आणि ‘डेथ इन स्टोअर’ हा एक कथासंग्रह आहे. ‘मर्डर बाय द बुक’ (१९८९) एका प्रकाशनसंस्थेत घडते, आणि लेखकांचे रुसवेफुगवे, मालक बदलल्यावरची कुजबुज हे सगळं ज्या नेमकेपणाने येतं ते तिथे वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या माणसालाच जमावं. ‘द मेकओव्हर मर्डर्स’ (१९९२), ‘स्ट्रँगलहोल्ड’ (१९९३) आणि ‘लॅम्ब टू द स्लॉटर’ (१९९५) या पुढच्या. आमच्या मते ‘लॅम्ब टू द स्लॉटर’ सर्वांत कसदार: होप्स एंड नावाचं आडगाव, शिक्षा रद्द होऊन परतलेला एक माणूस, आणि त्याच्या येण्याने बिथरलेलं गाव. त्यानंतर टेसा व्हान्स या पोलीस अधिकारी बाईच्या दोन कादंबऱ्या. त्याच पात्रांवरची ‘मर्डर कॉल’ ही मालिका चॅनल नाइनवर १९९७ ते २००० चालली.

मग २००० साली ‘डेल्टोरा क्वेस्ट’चे आठ भाग आले, पाठोपाठ दुसरी मालिका तीन भागांची, तिसरी चार भागांची. जगभर दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या, जपानमध्ये त्यावर ॲनिमे निघाला. आणि जेनिफर रो हे नाव एमिली रोडाच्या सावलीत गेलं.

पण डेल्टोरा नीट वाचलं तर तिथेही बर्डीचीच लेखिका दिसते. गादीचा खरा वारस कोण, हा प्रश्न आठ पुस्तकं ताणला आहे. संशयित एकेक करून पुढे आणलेत, एकाकडे बोट दाखवून वाचकाला हमखास फसवलंय, आणि उत्तराचे दुवे मात्र सगळे आधीच डोळ्यांसमोर ठेवलेत. कोडी, सांकेतिक लिपी, खोटं बोलणारे पहारेकरी आहेत ते वेगळेच. त्याच्याही आधी, १९९४ पासून, ‘टीन पॉवर इन्कॉर्पोरेटेड’ची तीस पुस्तकं आली होती. रेव्हन हिल या उपनगरातली सहा मुलं पॉकेटमनीसाठी पडेल ती कामं घेतात आणि प्रत्येक कामात काहीतरी भानगड निघते. (ही तीसही पुस्तकं बाईंनी एकटीने लिहिलेली नाहीत, काहींवर दुसऱ्या लेखकांचा हात आहे. तेही तालिकेत नोंदवायला हवं.) दहा वर्षांचं मूल ‘रेव्हन हिल’ वाचतं, बाराव्या वर्षी डेल्टोरा, सोळाव्या वर्षी त्याच्या हातात ‘ग्रिम पिकिंग्ज’ द्यायची. इतका सरळ जिना फार थोड्या लेखकांनी बांधून ठेवलाय, आणि तुम्ही वरच्या पायऱ्या काढून विकायला निघालात.

आता तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार तालिकेची. तुमच्या शोधपेटीत ‘एमिली रोडा’ टाकलं की मुलांची पुस्तकं येतात. जेनिफर रोचा उल्लेखही येत नाही. उलटं केलं तरी तेच. त्यात तिसरं नाव आहे: ‘फेअरी रिआल्म’ची पुस्तकं आधी मेरी-ॲन डिकिन्सन या नावाने निघाली आणि नंतर रोडा या नावावर आली. मालिकांची नावंही बदलली आहेत. टीन पॉवरची पुढे ‘रेव्हन हिल मिस्टरीज’ झाली, आणि टेसा व्हान्सची ‘डेडलाइन’ अमेरिकेत ‘सस्पेक्ट’ नावाने निघाली. हे सांधायला वेगळी यंत्रणा लागत नाही. लेखकाच्या अधिकृत नामनोंदीत, म्हणजे तालिकेतल्या त्याच्या नावाच्या स्वतंत्र नोंदीत, ५०० क्रमांकाचं क्षेत्र याचसाठी असतं. दोन्ही नोंदींत एकमेकींचं नाव भरायचं, नातं ‘खरी ओळख’ आणि ‘दुसरी ओळख’ असं लिहायचं, की शोधणाऱ्याला ‘हेही पाहा’ असा दुवा दिसतो. राष्ट्रीय पातळीवरच्या नामनोंदी आयत्या मिळतात. गोची अशी होते की बरीच ग्रंथालयं पुस्तकांच्या नोंदी आयात करतात आणि नामनोंदींची आयात बंद ठेवतात, किंवा त्या आल्या तरी वाचकाच्या पडद्यावर ‘हेही पाहा’ दाखवण्याची खूण बंदच असते. ती खूण चालू करणं हे काही मिनिटांचं काम आहे. राम गणेश गडकरी नाटकांपुरते गडकरी, कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम; पण महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या वाचनालयातसुद्धा ‘गडकरी हवेत’ म्हटल्यावर काउंटरवरच्या बाई तिन्ही काढून देतात. ते डोक्यात ठेवायला त्यांना संगणक लागला नाही. तुमच्याकडे संगणक आहे.

दुसरी तक्रार २४ महिन्यांच्या काट्याची. हा काटा कुठून आला तेही आम्हाला माहीत आहे: टेक्सास राज्य ग्रंथालयाची ‘क्रू’ नावाची पुस्तिका. जगभर वापरतात, आणि पुस्तिका चांगली आहे. पण तिच्यात कथा-कादंबऱ्यांसाठी दोन वर्षं न फिरणं ही एकमेव अट नाही. त्यासोबत ‘मस्टी’ (MUSTIE) या इंग्रजी शब्दाची सहा अक्षरं, म्हणजे सहा कसोट्या, तपासायच्या असतात, आणि त्यातलं शेवटचं अक्षर विचारतं की हे पुस्तक इतरत्र सहज मिळतं का. तुमच्या यादीत हा रकाना कोराच आहे. नेमकी तीच तपासणी गाळली, कारण ती संगणक करून देत नाही. माणसाने बसून करायची असते.

शिवाय ‘फिरलं नाही’ म्हणजे काय हेही पाहायला हवं. लोक पुस्तक इथेच बसून वाचतात आणि टेबलावर ठेवून जातात. ते परत कपाटात लावण्याआधी स्कॅन केलं तरच वापर नोंदला जातो, आणि गर्दीच्या दिवशी ट्रॉली तशीच लावली जाते. ग्रंथालयाची प्रणाली बदलली की जुना देवघेवीचा इतिहास बरेचदा नव्या प्रणालीत येत नाही, आणि तीस वर्षं फिरलेलं पुस्तक कागदावर कधीच न फिरलेलं दिसतं. मालिकांचं आणखी वेगळं दुखणं. पहिला भाग हरवतो, कोणी तो परत विकत घेत नाही, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या भागाला हात लावायला वाचक धजत नाही. तुमच्याकडे ‘ग्रिम पिकिंग्ज’ नाही. ‘स्ट्रँगलहोल्ड’ कोणी नेली नाही यात नवल ते काय? आणि वरच्या मजल्यावर ‘आरओडब्ल्यू’ चिकटवलेलं जाड्याभरड्या कण्याचं पेपरबॅक सर्वांत खालच्या फळीवर, बिनचेहऱ्याने उभं आहे. खालच्या मजल्यावर ‘आरओडी’ची मुखपृष्ठं वाचकाकडे तोंड करून मांडलेली. मांडणीने हरवलेल्या पुस्तकाला वाचकांनी नाकारलं असं म्हणू नका.

तिसरी, ‘अवस्था वाईट’ या शेऱ्याची. खोक्यांतल्या निम्म्या पुस्तकांवर तो शेरा आहे. विक्रीसाठी आधी टेबलावर काढलेल्या प्रती आम्ही हाताळल्या. पानं पिवळी आहेत, बरोबर. त्या काळातल्या पेपरबॅकचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो पिवळा पडणारच. पण पिवळा म्हणजे ठिसूळ नव्हे. तपासायची रीत साधी आहे: एका पानाचा कोपरा पुढे-मागे दोनदा दुमडायचा आणि हलकेच ओढायचा. तुटून हातात आला तर ते पुस्तक खरंच संपलं. या प्रतींचे कोपरे तुटले नाहीत. त्यांचं दुखणं कण्यात आहे. गरम करून ओतलेला गोंद कालांतराने कडक होतो आणि पुस्तक सपाट उघडलं की मधोमध तडकतो. मग त्या तड्यापाशी आठ-दहा पानं सुटतात. याला पीव्हीए, म्हणजे साधा पांढरा गोंद लागतो. तडा जिथे आहे तिथेच पुस्तक उघडायचं, विणायच्या सुईच्या टोकाने गोंदाची बारीक रेघ थेट खाचेत सोडायची, सुटी पानं आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटरच गोंद लावून जागेवर बसवायची, दोन्ही बाजूंना मेणकागद घालायचा आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. गोंद जास्त झाला तर शेजारची पानं चिकटतात, म्हणून रेघ बारीक. सेलोटेप मात्र लावायची नाही: तिचा चीक काही वर्षांत कागदात उतरतो, तपकिरी डाग पडतात आणि टेप सुटते ती शाई घेऊन. तुमच्या दोन प्रतींना सेलोटेप लावलेली आहे, आणि त्या दोनच प्रती खरोखर खराब झाल्या आहेत. एका प्रतीच्या दुरुस्तीला दहा मिनिटं आणि काही सेंटांचा गोंद पुरतो.

चौथी तक्रार पैशांची, आणि ही फारशी कोणाला ठाऊक नसते. ऑस्ट्रेलियात सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तकं ठेवल्याबद्दल लेखक आणि प्रकाशकाला सरकार दरवर्षी मोबदला देतं. पब्लिक लेंडिंग राइट ही योजना १९७०च्या दशकापासून आहे, शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठीची २००० पासून, आणि २०२३-२४ पासून ई-बुकं आणि ऑडिओबुकंही त्यात आली. ब्रिटनमध्ये पुस्तक किती वेळा घरी गेलं ते मोजतात. इथे देशभरच्या कपाटांत किती प्रती आहेत याचा अंदाज काढतात. अंदाज पन्नास प्रतींच्या खाली गेला की त्या पुस्तकाचा मोबदला शून्य. म्हणजे जे पुस्तक तुमच्या दृष्टीने निपचित पडलंय, ते नुसतं कपाटात असण्यानेही लेखकाला काही मिळवून देत असतं, आणि एकेका ग्रंथालयाने एकेक प्रत काढली की हा आकडा गुपचूप पन्नासखाली जातो. डेल्टोराच्या लेखिकेचं या पैशावाचून अडणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण त्याच खोक्यांत १९८० आणि ९० च्या दशकातले इतर ऑस्ट्रेलियन गुन्हेकथा-लेखक आहेत, ज्यांच्यामागे कोणतंही डेल्टोरा नाही. त्यांचं अडतं.

‘कोणाला हवंच असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देऊ’, असं उत्तर काउंटरवर मिळालं. त्यातली मेख अशी. कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात कायद्याने जमा झालेली प्रत असते, पण ती वाचनकक्षात बसून वाचायची. घरी मिळत नाही. इतर ग्रंथालयांकडे काय आहे ते ‘ट्रोव्ह’ या देशभरच्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सामाईक सूचीवर दिसतं, मात्र पुस्तक बाद केल्यावर तिथली नोंद काढायला अनेक ग्रंथालयं विसरतात. पडद्यावर बारा ग्रंथालयं दिसली तरी प्रत्यक्षात पुस्तक निघतं तीन ठिकाणी. आणि सगळ्यांनीच तोच २४ महिन्यांचा काटा लावलाय. प्रत्येकाला वाटतं पुढच्याकडे असेल.

पुस्तकं बाद करूच नका, असं आमचं म्हणणं नाही. जागा मोजकी असते, जुन्या प्रवासपुस्तिका आणि संगणकाची कालबाह्य पुस्तकं गेलीच पाहिजेत, आणि कुबट वास मारणारी प्रत कपाटात ठेवू नये, बुरशी शेजारच्या पुस्तकांनाही लागते. बेस्टसेलरच्या सात प्रतींपैकी सहा खुशाल विका. आक्षेप आहे तो न बघता बाद करण्याला.

आमच्या मागण्या अशा:

ऑस्ट्रेलियन लेखकांच्या कथा-कादंबऱ्या भरलेली खोकी पुढच्या विक्रीतून बाजूला काढावीत आणि तपासणी होईपर्यंत विकू नयेत.

जेनिफर रो, एमिली रोडा आणि मेरी-ॲन डिकिन्सन ही तिन्ही नावं नामनोंदीत एकमेकांना जोडावीत आणि ‘हेही पाहा’ वाचकाच्या पडद्यावर दिसेल असं करावं. टोपणनावाने लिहिणाऱ्या इतर लेखकांचंही तेच, मराठी कप्प्यासकट.

ऑस्ट्रेलियन पुस्तक बाद करण्याआधी ट्रोव्हवर पाहावं, आणि तिथे दिसणाऱ्या ग्रंथालयांपैकी निदान तिघांना फोन करून प्रत जागेवर आहे का ते विचारावं. या भागातली शेवटची प्रत असेल तर ती मागच्या साठ्यात ठेवावी, तालिकेत दिसू द्यावी आणि मागितल्यावर द्यावी. कोणती शेवटची प्रत कोण ठेवणार, याची वाटणी शेजारच्या ग्रंथालयांशी लेखी करावी.

‘अवस्था वाईट’ हा शेरा कोपरा दुमडून पाहिल्याशिवाय मारू नये. दुरुस्तीला माणसं कमी पडत असतील तर आमच्यातले काहीजण शनिवारी येऊन बसायला तयार आहेत. गोंद, मेणकागद आणि वजनं आम्ही आणू.

‘ग्रिम पिकिंग्ज’ची प्रत मिळवावी. नवी नसेल तर जुनी, जुनी नसेल तर ई-बुक. मालिकेचा पहिला भाग कपाटात ठेवून बाकीच्यांना बारा महिने द्यावेत, आणि तेवढ्या काळात मुलांच्या विभागातल्या रोडांच्या मांडणीजवळ एक पाटी लावावी: ‘याच लेखिकेच्या मोठ्यांसाठीच्या रहस्यकथा वरच्या मजल्यावर, आरओडब्ल्यू.’ त्यानंतरही कोणी नेल्या नाहीत तर आम्ही तक्रार करणार नाही.

आणि यापुढे बाद करायच्या पुस्तकांची यादी विक्रीच्या तीस दिवस आधी सूचनाफलकावर लावावी, म्हणजे सभासदांना हरकत घेता येईल.

विक्री जवळ आली आहे, म्हणून पहिल्या मागणीचं उत्तर त्याआधी लेखी मिळावं, ही विनंती. बाकीच्या मागण्या ग्रंथालय समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात. आम्ही त्या बैठकीला येऊ.

कळावे,
आपले,
परिसरातील मराठी वाचक-सभासद